हरवलेली लाल पट्टी

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एका आजींना इंजेक्शन द्यायची वेळ झाली. सिस्टरांनी ट्रॉलीवरच्या संगणकात आजींचं पान उघडलं. औषधाचं नाव होतं, मात्रा होती, डॉक्टरांची सही होती. ॲलर्जीच्या जागी ‘काही नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सिस्टरांनी सिरिंज भरली आणि सवयीने विचारलं, “आजी, कुठल्या औषधाचा त्रास नाही ना होत तुम्हाला?”

“पेनिसिलिनचा होतो की,” आजी म्हणाल्या. “दाखल होतानाच सांगितलंय मी. तुमच्या लोकांनी लिहूनही घेतलंय.”

सिरिंजमध्ये पेनिसिलिनच होतं. सिस्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली, पान बंद करून पुन्हा उघडलं, तर वर ठसठशीत लाल पट्टी: पेनिसिलिन देऊ नये. त्यांनी शेजारच्या सिस्टरांना हाक मारली आणि दोघींनी मिळून तेच पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. पट्टी येत होती, येत होती, आणि मध्येच एकदा गायब झाली. पुढच्या खेपेला जागच्या जागी हजर.

साडेदहाला हॉस्पिटलने संगणक बाजूला सारून कागद आणि पेन हातात घेतलं. अकराला मुख्य डॉक्टरांनी ही प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. बोलणं थोडकंच झालं. चार वाजेपर्यंत कारण सांगा, नाहीतर तुमची प्रणाली आजच आमच्या इमारतीतून बाहेर जाईल.

आता कंपनीतल्या दोन माणसांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा सगळा दिवस त्यांचा आहे. एक म्हणजे चाचणी विभागाच्या प्रमुख बाई. सगळा मजला त्यांना सासूबाई म्हणतो. चार वर्षांपूर्वी प्रोग्रॅमच्या नवीन आवृत्त्या सर्व्हरवर चढवणाऱ्या इंजिनिअरचं त्यांच्या मुलीशी लग्न झालं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून ‘सासूबाई’ निसटलं. तेव्हापासून झेरॉक्सवालासुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखतो, आणि इंजिनिअरचं नाव कायमचं जावई पडलं. या नात्याचा जावयाला काडीचा फायदा नव्हता. त्याच्या कामातल्या जितक्या चुका सासूबाईंनी आजवर काढल्या, तितक्या सगळ्या मजल्याने मिळून काढल्या नसतील.

साडेअकराला साहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर सर्व्हरच्या नोंदींचा छापील कागद होता आणि एका ओळीभोवती साहेबांनी पेनने गोल केलेला होता.

रविवारी संध्याकाळी जावयाने नवीन आवृत्ती बाराही सर्व्हरवर चढवली, यादीवर बारा खुणा केल्या आणि तो घरी गेला. इथवर सगळं ठीक होतं. पण गोलातली ओळ सोमवारची होती. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, सर्व्हर क्रमांक सात, प्रोग्रॅम सुरू केला. करणाऱ्याचं नाव म्हणून जावयाचं नाव होतं.

“सोमवारी मी सातला हातही लावलेला नाही,” जावई म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “चार वाजता मला डॉक्टरांना एक तर कारण द्यायचंय, नाहीतर नाव. कारण माझ्याकडे नाही. नाव आहे. तुमची नोकरी वाचवायची तर मला कारण आणून द्या.”

हा तपास मी करते, असं सासूबाई म्हणाल्या. साहेबांना ते पटेना. जावयाची चौकशी सासूने करायची म्हणजे लोक काय म्हणतील.

“लोक म्हणतील, बरा सापडला,” सासूबाई म्हणाल्या. “यांच्या चुका माझ्याइतक्या भराभर कुणाला सापडत नाहीत, साहेब. चूक यांची निघाली, तर तुमच्या कागदावर नाव मी माझ्या हाताने लिहीन.”

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या असं बोलतात तेव्हा तसंच करतात, हे त्याला चार वर्षांत चांगलं कळलं होतं.

२

पहिली चौकशी जावयाची. मीटिंगच्या छोट्या खोलीत सासूबाईंनी वही उघडली आणि मला काहीच कळत नाही असं समजून सगळं सांगा, म्हणाल्या. जावयाने सांगितलं ते असं. हॉस्पिटलमध्ये कुणीही एखादं पान उघडलं की ती मागणी आधी एका वाटप करणाऱ्या यंत्राकडे जाते. मजल्यावर त्याला वाटप्या म्हणत. पत्ते वाटावेत तसा वाटप्या मागण्या सर्व्हरना ओळीने वाटत जातो, पहिली एकला, दुसरी दोनला, शेवटपर्यंत पोचला की पुन्हा पहिल्यापासून. रविवारच्या आवृत्तीत ॲलर्जीच्या नोंदी जुन्या जागेतून नव्या जागी हलवल्या होत्या. नवा प्रोग्रॅम नव्या जागी बघतो आणि लाल पट्टी दाखवतो.

“आणि जुना प्रोग्रॅम कुठे चालू राहिला तर?”

“तर तो जुन्या जागी बघेल. पण तसा तो कुठेच नाहीये. सकाळपासून बाराही सर्व्हर एकेक करून तपासलेत. प्रत्येकावर नवाच आहे, अक्षराचाही फरक नाही.”

सासूबाईंनी वहीत ‘रविवारी का नाही?’ असा प्रश्न लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. आवृत्ती रविवारी चढली होती. कामच चुकलं असतं, तर तक्रार रविवारी रात्रीच आली असती. सोमवारची सकाळही निर्वेध गेली होती, आणि गोलातली ओळ सोमवारी दुपारची होती. जे काही झालं ते सोमवारी झालं.

एक वीसला जावई कुठे होता, हे विचारायची त्यांना गरजच नव्हती. तो जेवणाच्या खोलीत त्यांच्यासमोर बसून त्यांच्या डब्यातल्या भाजीची तारीफ करत होता, आणि याला आता काय हवंय, असा विचार त्या करत होत्या. पण सासूने दिलेली साक्ष साहेबांच्या टेबलावर टिकणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

“तुम्ही जागेवर नसताना तुमचं नाव तिथे कसं उमटेल?” त्यांनी विचारलं.

जावई खाली बघून म्हणाला, “सर्व्हर सुरू झाला की प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा लागतो. तो कुणाच्या तरी नावाने होतो. त्यासाठी वेगळं, कुणाचंच नसलेलं नाव बनवायचं असतं. दोन वर्षांपूर्वी घाईत मी माझंच दिलं. बदलू बदलू म्हणत राहिलो.”

सासूबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

म्हणजे एक वीसला कुणीतरी सात नंबर बंद करून पुन्हा सुरू केला, असा सरळ अर्थ निघत होता. त्यांनी जावयाला सात नंबरची नोंद उघडायला लावली. तो रविवारी संध्याकाळी सहापासून अखंड चालू होता. मध्ये एका सेकंदाचाही खंड नव्हता. सोमवारी सुरू झालेला सर्व्हर सोमवारी बंदच झालेला नव्हता. सासूबाईंनी पेन खाली ठेवलं.

दुसरी चौकशी कुलूपबाईंची. रुग्णांच्या सगळ्या नोंदींचा साठा यांच्या ताब्यात. त्या टेबलाच्या खणालाही कुलूप लावायच्या आणि पाणी प्यायला उठल्या तरी संगणक बंद करून जायच्या. नोंदी हलवायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. महिनाभरापूर्वी भर मीटिंगमध्ये त्या जावयाला म्हणाल्या होत्या की एक दिवस तोंडावर पडाल. याच वाक्यामुळे साहेबांना त्यांचाही थोडा संशय होता, हे कुलूपबाईंना माहीत होतं. त्या ताठ बसल्या होत्या.

सासूबाईंनी आडवळण घेतलं नाही. “जुन्या जागी आता काय आहे?”

“काही नाही. रिकामी आहे.”

“तिथल्या ॲलर्जीच्या नोंदी कुणी पुसल्या?”

“मी,” कुलूपबाई म्हणाल्या.

३

पण कुलूपबाईंनी लगेच खणाचं कुलूप काढून बदलांची वही समोर ठेवली. कंपनीचा कडक नियम होता की प्रणालीत काहीही बदललं तर या वहीत लिहायचं, आणि साहेबांची सही घ्यायची. रविवारच्या पानावर सगळं रीतसर होतं. नोंदी नव्या जागी हलवल्या, मोजून पाहिल्या, जुन्या जागच्या पुसल्या. खाली साहेबांची सही.

“एकच गोष्ट दोन ठिकाणी राहिली की एक खरी होते आणि एक खोटी,” त्या म्हणाल्या. “मग डॉक्टरांनी कुठल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा? माझा विरोध होता, तो मी तोंडावर बोलले. साहेबांनी निर्णय दिल्यावर काम मात्र चोख केलं. आणि हात लावायच्या आधी जुन्याची नक्कल काढून ठेवते मी, हे सगळ्यांना माहीत आहे.”

पान चोख होतं यात वादच नव्हता. सासूबाईंनी पुढचं पान उलटलं. सोमवारचं पान कोरं होतं. त्या कोऱ्या पानाकडे त्या इतका वेळ बघत राहिल्या की कुलूपबाईंना वाटलं यांना डुलकी लागली.

तिसरी चौकशी हॅलोची. मदत विभागात अठरा वर्षं फोन घेऊन घेऊन या गृहस्थांची जीभ अशी वळली होती की ते समोरच्या माणसाशीही ‘हॅलो’ म्हणूनच बोलायला सुरुवात करत. त्यांच्यासमोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर प्रत्येक सर्व्हरचा एक दिवा, चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. या पडद्यावर हॅलोंचा भारी जीव. लाल दिवा पाच मिनिटांच्या वर राहिला तर आपल्याला घास गिळत नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

शनिवार-रविवार ते मेहुण्याचं घरसामान हलवायला गेले होते. सोमवारी दुपारी एकला कामावर आले. आल्यावर काही बदल केला का, असं सासूबाईंनी विचारलं.

“हॅलो, बदल आणि मी?” ते मनापासून दुखावले. “मी नुसती देखरेख करतो. बदलाची वही बघा ना, सोमवारी एक ओळ सापडली तर सांगा.”

ते खोटं बोलत नव्हते. अठरा वर्षांत त्या वहीत त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमानच होता.

दोन वाजले. कारण हाती नव्हतं. साहेब दर दहा मिनिटांनी काचेतून डोकावत होते. जावई आपला खण आवरायला लागला होता, आणि ते सासूबाईंना बघवेना. रागावणं त्यांना सोपं जायचं, हे जड गेलं. त्या उठल्या, त्याचा खण आपल्या हाताने बंद केला आणि म्हणाल्या, “माझ्याबरोबर बसा. मला मोजायचंय.”

हॉस्पिटल कागदावर चाललं होतं, म्हणजे या क्षणी प्रणाली कुणीच वापरत नव्हतं. वाटप्याकडे येणारी प्रत्येक मागणी एकट्या सासूबाईंचीच असणार होती. त्यांनी चाचणीसाठी बनवलेल्या एका खोट्या रुग्णाचं पान उघडलं आणि बटण दाबत गेल्या. पट्टी आली की जावयाने कागदावर उभी रेघ मारायची, गायब झाली की आडवी.

पट्टी गायब झाली. तिथून त्यांनी मोजायला सुरुवात केली. आली, आली, आली. दहा, अकरा, बारा. बाराव्यांदाही आली. पुढच्या दाबाला गेली.

“मोजण्यात चुकलं असेल,” जावई म्हणाला.

“पुन्हा,” सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मग त्यांनी जावयाला बटण दाबायला बसवलं आणि रेघा स्वतः मारल्या. आकडा ढिम्म हलेना. दर वेळी बरोबर तेराव्या दाबाला पट्टी जात होती.

सासूबाईंनी कुलूपबाईंना फोन करून एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून त्या हॅलोंच्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पडद्याचं दुसरं पान उघडायला सांगितलं. मग साहेबांच्या दारावर टकटक करून म्हणाल्या की तीन वाजता सगळ्यांना बोलवा, माझ्याकडे कारण आहे.

४

साहेबांच्या खोलीत खुर्च्या चारच होत्या. सासूबाई उभ्या राहिल्या.

सुरुवात त्यांनी आपल्या घरापासून केली. गोलातल्या ओळीत जावयाचं नाव का आहे, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचा आळस, कुठल्याही सबबीशिवाय. जावयाचे कान लाल झाले. पण त्यामुळेच, त्या म्हणाल्या, ते नाव त्यांचं असलं तरी हात त्यांचा असायची गरज नाही. सर्व्हर कुणीही सुरू केला तरी तिथे हेच नाव उमटतं.

मग त्यांनी रेघांचा कागद टेबलावर ठेवला.

“बारा जणांत पत्ते वाटले तर एकाच माणसाला दर बाराव्या पत्त्याला पाळी येते. बारापैकी एक सर्व्हर बिघडला असता, तर पट्टी दर बाराव्या दाबाला गेली असती. ती जाते तेराव्याला. म्हणजे पत्ते तेरा जणांत वाटले जातायत. यादीतले बाराही सर्व्हर निर्दोष आहेत. बिघडलेला सर्व्हर यादीत नाहीच.”

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि रेघा मोजल्या. मग आणखी एकदा मोजल्या.

“हा तेरावा आला कुठून?”

“कुलूपबाई काहीही करण्याआधी नक्कल काढतात. शनिवारी कशाची काढली, एवढंच मी त्यांना विचारलं.”

“सात नंबरची,” कुलूपबाई हळू आवाजात म्हणाल्या. “अख्ख्या सर्व्हरची, चालू केली तर तीही सर्व्हरसारखीच चालते. तोच नेहमी कुरकुरतो म्हणून. पण ती नक्कल बंद होती. चालू करू नका, असं मी शनिवारी ड्युटीवर असलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं.”

“तोंडी,” सासूबाई म्हणाल्या. “आणि नक्कल नावासकट निघते. तिचंही नाव सात. आत शनिवारचा जुना प्रोग्रॅम. ती पडद्याच्या दुसऱ्या पानावर दोन दिवस बंद पडून होती, म्हणजे तिचा दिवा लाल होता. शनिवारी जे ड्युटीवर होते त्यांना तो का लाल आहे हे माहीत होतं. जे सुट्टीवर होते, त्यांना नव्हतं.”

खोलीतल्या सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदाच हॅलोंनी ‘हॅलो’ न म्हणता बोलायला सुरुवात केली.

“सात नंबर बंद दिसला. मी सुरू केला. माझं कामच आहे ते.” मग त्यांच्या ध्यानात यायला लागलं. “पण मी बदल काहीच केला नाही. नुसतं बटण दाबलं.”

“एक वीसला,” सासूबाई म्हणाल्या. “मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्याकडे बदल लिहायचा नियम आहे. बंद सर्व्हर सुरू करण्याला इथे कुणी बदल म्हणतच नाही, म्हणून ते कुणी लिहीत नाही. मीसुद्धा लिहिलं नसतं. सोमवारचं ते कोरं पान म्हणूनच मला खुपत होतं. इतकी माणसं दिवसभर राबतात आणि काहीच घडत नाही, असं कसं होईल?”

पुढचं जावयानेच पूर्ण केलं, आणि त्याच्या आवाजात आता जोर होता. नक्कल जागी झाली. तिने वाटप्याला कळवलं की मी तयार आहे, आणि वाटप्याने निमूट तिला तेरावी पाळी दिली. तिच्या वाट्याला मागणी आली की ती शनिवारच्या सवयीने जुन्या जागी बघायची. ती जागा रिकामी. म्हणून ती प्रामाणिकपणे लिहायची, काही नाही.

साहेब स्वतः उठून हॅलोंच्या पडद्यापाशी गेले आणि सगळे त्यांच्यामागून गेले. हॅलोंनी दुसऱ्या पानावरचा सात बंद केला. सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि बटण दाबायला लागल्या. तेराव्या दाबाला पट्टी होती. सव्विसाव्याला होती. पन्नासच्या पुढे सगळा मजला गोळा होऊन मोठ्याने मोजायला लागला. एकशे तीसपर्यंत मोजलं आणि एकदाही पट्टी हलली नाही. कुलूपबाई टाळ्या वाजवत होत्या, आणि तेही जावयाच्या खांद्यावर.

चार वाजायला दहा कमी असताना डॉक्टरांना फोन लागला. साहेबांनी फोन सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी एकही गोष्ट लपवली नाही आणि कुणाचं नाव पुढे केलं नाही. आजपासून काय होईल तेही सांगितलं. सर्व्हर सुरू केला किंवा बंद केला तरी वहीत लिहायचं. नकलेला वेगळं नाव द्यायचं, आणि वाटप्याकडे जायला तिला वाटच नसेल. कुठलाही प्रोग्रॅम माणसाच्या नावाने चालणार नाही. आणि आवृत्ती चढवल्यावर आपल्या यादीवर खुणा करून थांबायचं नाही, पाळी कुणाकुणाला देतोस हे वाटप्यालाच विचारून यादी ताडून बघायची.

“यातलं हॉस्पिटलला काय जाचेल?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही. जाच आम्हालाच आहे.”

पलीकडे डॉक्टर हसले. अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांचा फोन आला. त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांची पानं प्रत्येकी पंधरा वेळा उघडून बघितली होती. जिथे हवी तिथे पट्टी होती, दर वेळी होती, आणि कागद-पेन कपाटात गेलं होतं. साहेबांनी गोलातल्या ओळीचा कागद फाडून टोपलीत टाकला आणि हात पुढे करून जावयाची माफी मागितली.

सासूबाई आपल्या जागेवर येऊन बसल्या तेव्हा त्यांचे पाय दुखत होते. त्यांनी मुलीला फोन लावला. सकाळपासून काहीतरी बिनसलंय हे नवऱ्याच्या एका मेसेजवरून तिला कळलं होतं, आणि ती धास्तावलेलीच होती. काय झालं, आई, सांग ना, असं ती विचारत राहिली. जावई चार पावलांवर उभा होता. हे आपल्या कानावर पडलं नाही तर बरं, असा चेहरा करून.

“तुझ्या नवऱ्याने रविवारी बारा सर्व्हरवर काम केलं,” सासूबाई मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “मी आज दिवसभर त्यात चूक शोधली. मला एकही सापडली नाही.”